सहा खुर्च्या आणि त्यांचे कापड

गेल्या वर्षी सप्टेंबर महिन्यात आम्ही घरच्या जेवणाच्या टेबलाच्या सहाही खुर्च्या नव्याने भरायला काढल्या. घाई होती. १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर अनुप्रवर्तन दिनाचा सोहळा असतो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली, तेव्हापासून ही तारीख म्हणजे आपल्याकडे घर भरण्याचा दिवस. सिरोंचा, अहेरी, वडसा, ब्रह्मपुरी अशा चारी बाजूंनी नातेवाईक येतात. सतरंजी, स्टूल, खुर्ची, जे असेल ते कमी पडते. अशा वेळी फाटक्या खुर्च्या पाहुण्यांपुढे ठेवायच्या कशा?

कारागीर आला. त्याने अंगणात सहाही खुर्च्या उलट्या करून बैठकी सुट्या केल्या, ओळीने मांडल्या आणि मला म्हणाला, "बाई, ह्या दोन खुर्च्यायवर कोनी बसत नाही का जी?"

मी वाकून पाहिले. चार बैठकींचे कापड मध्यभागी विरून गेले होते, कडा काळ्या पडल्या होत्या. उरलेल्या दोन मात्र दुकानातून कालच आणल्यासारख्या. सगळ्यांचे कापड एकाच दिवशी, २०१० साली लागलेले. त्या दोनपैकी एक खुर्ची ओट्याजवळची, म्हणजे माझी. दुसरी कोपऱ्यातली, सासूबाईंची.

मी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न मनातून गेला नाही. त्या दोन खुर्च्यांचा हिशेब शेवटी देते. आधी कामाचे बोलू. स्वयंपाकघरातल्या आणि जेवणाच्या खुर्च्यांना कापड कोणते घ्यावे, रंग कोणता घ्यावा, आत काय भरावे, हे आम्ही चुकत चुकत शिकलो. ज्या भगिनींना हे काम काढायचे आहे त्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

मुळात एक गोष्ट ध्यानात घ्या. खुर्चीचे लाकूड चांगले असेल तर खुर्ची टाकू नका. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या जुन्या घरांत खुर्च्या बहुधा सागवानाच्या आहेत. आलापल्लीचा, बल्लारशाहचा साग देशभर नावाजलेला. त्याला वाळवी सहसा लागत नाही, सांधे घट्ट असले तर दोन पिढ्या बसतात. अशा खुर्चीचे कापड बदलले की खुर्ची नवी होते. बाजारातली गुळगुळीत दिसणारी, भुसा दाबून केलेल्या पाटीची नवी खुर्ची पावसाळ्यात फुगते. तेव्हा आधी खुर्ची हलवून पाहा. कुरकुरत असेल तर सुताराकडून सांधे आवळून घ्या आणि मगच कापडाकडे वळा.

आधी घरातली धूळ पाहा

रंग निवडताना आपण दुकानात जातो, पुस्तकातले नमुने चाळतो आणि डोळ्यांना जो आवडेल तो घेतो. इथेच पहिली चूक होते. रंगाची निवड दुकानात नव्हे, घरच्या खिडकीत करावी. एक पांढरे फडके ओले करून पिळा आणि चार दिवस न पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवरून फिरवा. फडक्यावर जो रंग उमटेल, तो तुमच्या घरातल्या धुळीचा रंग. तुमच्या खुर्चीला रोज तोंड द्यायचे आहे ते याच रंगाला.

आपल्या भागात ही धूळ सगळीकडे सारखी नाही. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा या खाणींच्या पट्ट्यात फडके काळे होते. ऊर्जानगरच्या बाजूला राखाडी होते. तिथल्या वीजकेंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, आणि एवढा कोळसा जळतो तिथे राख आलीच. गडचांदूर, आवारपूरकडे सिमेंटची पांढुरकी धूळ. एटापल्ली, आलापल्ली, आष्टीच्या रस्त्यालगत सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात, तिथे फडके तांबडे होते. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या धानाच्या पट्ट्यात राइस मिलजवळ कोंड्याची पिवळट भुकटी. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, त्यात चंद्रपूर चौथे होते. त्यामुळे धूळ ही इथे किरकोळ बाब नाही.

आता नियम सोपा. कापडाचा मूळ रंग धुळीच्या रंगाच्या आसपासचा, पण एक छटा उजळ किंवा एक छटा गडद असा घ्यावा. कोळशाच्या पट्ट्यात पांढरा, मोतिया, फिका गुलाबी हे रंग आठ दिवसांत मळकट दिसू लागतात. तिथे विटकरी, तपकिरी, बाटलीचा हिरवा शोभतो. राख आणि सिमेंटच्या पट्ट्यात उलट होते. तिथे काळा, गडद निळा, जांभळा यांवर पांढुरकी धूळ लगेच उठून दिसते. निळा रंग आपल्या घरांत लाडका आहे, तो घ्यायचाच असेल तर गडद निळ्याऐवजी राखेकडे झुकणारा निळा, किंवा निळ्या-पांढऱ्या धाग्यांची मिश्र वीण घ्या. तांबड्या धुळीच्या गावांत गेरू, विटकरी, मातकट केशरी हे रंग वर्षभर तसेच दिसतात.

दुसरा नियम. एकरंगी कापडापेक्षा बारीक चौकडी किंवा दोन रंगांच्या धाग्यांची वीण डाग झाकते. मोठी फुले दुकानात सुंदर दिसतात, पण प्रत्येक बैठकीच्या मधोमध फूल यावे म्हणून कापड जास्त लागते आणि उरलेले वाया जाते. पट्टे घेतले तर सहाही खुर्च्यांवर ते एकाच दिशेने यायला हवेत, नाहीतर पंक्तीत एकच मूल उलटे बसल्यासारखे दिसते.

तिसरा नियम. भिंत, लाकूड आणि कापड या तिघांपैकी एकानेच बोलावे. भिंतीला पोपटी किंवा आकाशी रंग असेल तर कापड शांत घ्या. भिंत पांढरी आणि लाकूड गडद असेल तर कापडाला थोडे बोलू द्या. नमुन्याचा तुकडा घरी आणा, दिवसा खिडकीजवळ आणि रात्री दिव्याखाली, दोन्ही वेळा पाहा. दुकानातल्या झगझगाटात जो रंग मरून दिसतो तो घरी ट्यूबखाली काळपट जांभळा निघतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

रेक्झिन की सुती?

आपल्याकडे जेवणाच्या खुर्चीला रेक्झिन लावण्याची रीत पडली आहे. कारण उघड आहे. वरण सांडले, पुसले, झाले. पण चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५-४६ च्या पुढे जातो आणि दुपारी बाराला रेक्झिनच्या खुर्चीवर बसले की मांडी चिकटते. घाम जिरत नाही, मुलांना घामोळ्या येतात. उन्हाने रेक्झिन कडक होऊन तडकते, आणि स्वस्त प्रकार असेल तर पावसाळ्याच्या दमटपणाने त्याचे पापुद्रे सुटतात. ते पापुद्रे मग ताटाजवळ, मुलांच्या कपड्यांवर सापडतात. घरात अगदी लहान मूल असेल, किंवा आजारी वृद्ध माणसाला लघवीचा ताबा नसेल, तर रेक्झिनला पर्याय नाही. अशा वेळी त्या एका खुर्चीला चांगल्या प्रतीचे रेक्झिन लावा आणि वरून सुती घडी घाला. सहाच्या सहा खुर्च्यांना ते लावण्याचे कारण नाही.

मखमल आणि शनील जेवणाच्या खुर्चीला नकोच. त्यांच्या लवेत धूळ आणि पोळीचा भुगा असा रुततो की ब्रशनेही निघत नाही. आमच्या २०१० च्या खुर्च्यांना असेच मखमली कापड होते, म्हणून हे ठासून सांगते.

पॉलिस्टर किंवा सुती-पॉलिस्टर मिश्र कापड टिकाऊ असते, लवकर वाळते, डाग खोल जात नाही. मात्र सुती कापडाइतके ते हवेशीर नसते आणि काही दिवसांनी त्यावर बारीक गोळे धरतात. शिवाय स्वयंपाकघरात असे कापड आणि आतला फोम दोन्ही लवकर पेटतात, आणि जळत्या फोमचा धूर विषारी असतो. म्हणून भरलेली खुर्ची गॅसच्या शेगडीपासून निदान दोन हात दूर ठेवावी. सोफ्याच्या कापडाच्या पुस्तकात नमुन्यामागे कधी कधी 'मार्टिनडेल' म्हणून आकडा छापलेला असतो. कापड किती घासले तरी टिकते, त्याचा तो आकडा. रोजच्या जेवणाच्या खुर्चीला तो २०,००० च्या वर असावा.

ताग म्हणजे ज्यूट दिसायला छान, पण मांडीला टोचते आणि वारंवार ओले झाले की कुजते. आरमोरी, नागभीडकडचे कोशाचे कापड तर आपल्या भागाचे भूषण. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावर वाढलेल्या किड्याच्या कोशातून ते निघते, त्याचा मधासारखा रंग दुसऱ्या कशाला येत नाही. पण ते बैठकीसाठी नाही. हळदीचा एक थेंब पडला की जीव हळहळेल. हौस असेल तर पाठीच्या लहान उशीला त्याची किनार लावा.

उरले जाड सुती कापड. कॅनव्हास, जाड खादी, हातमागाचे चादरीचे कापड. माझे मत विचाराल तर आपल्या हवेला हेच. घाम जिरवते, उन्हात तापत नाही, धुता येते. डाग लवकर शोषते हा त्याचा दोष, पण त्याला उपाय आहे. कापड कायमचे ठोकून टाकू नका. आत मांजरपाट ठोका आणि वर नाडीचे किंवा वेल्क्रोचे निघणारे कव्हर शिवा. प्रत्येक खुर्चीला दोन कव्हरे असली की एक अंगावर, एक धुण्यात.

जिथे खुर्च्या वेताच्या किंवा निवारीच्या आहेत तिथे गादी भरण्याच्या फंदात पडू नका. उन्हाळ्यात त्यांच्यासारखे सुख नाही. वेत सैल पडला असेल तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने गरम पाण्याने भिजवा आणि सावलीत वाळू द्या. वाळताना वेत आवळतो. फाटला असेल तरच नवा विणून घ्या.

कापड ओळखणे आपल्या हाताला नवे नाही

दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणतो आणि आपण मान डोलावतो. हे काही बरोबर नाही. १९१६ साली छापलेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांताच्या जातिवर्णनात आपल्या पूर्वजांविषयी नोंद आहे की ते गावोगाव जाडेभरडे कापड विणत. पुढे गिरण्यांचे कापड आले, घरचे माग बसले आणि माणसे गिरण्यांत गेली. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, तिच्या आणि मॉडेल मिलच्या पगारावर आपली कितीतरी घरे उभी राहिली. मुंबईच्या गिरण्यांत मात्र विणकामाच्या खात्याचे दार आपल्या माणसांना बंद होते. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि तो विटाळतो! पगार जास्त होता त्याच खात्यात हा विटाळ आडवा आला. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. ज्यांच्या घरात माग होता त्यांनाच मागाला हात लावू नका म्हणून सांगण्यात आले. तेव्हा कापडाची पारख करताना आपण भिडेखातर गप्प बसण्याचे कारण नाही.

माझ्या सासूबाईंच्या माहेरी आजोबांच्या काळापर्यंत माग होता. त्यांनी मला कापड पाहायला शिकवले ते असे. कापड उजेडाकडे धरा. वीण जिथे विरळ दिसेल तिथे ते आधी फाटेल. दोन्ही हातांनी तिरपे ओढा. सोडल्यावर जागेवर आले नाही तर बसून बसून पिशवी पडेल. पांढरे ओले फडके जोराने घासा. रंग फडक्यावर आला तर तो उद्या पाहुण्यांच्या पांढऱ्या साडीवर येणार. शेवटी कडेचा एक धागा काढून जाळा. सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. कोसा किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो. गोल बाजारातल्या दुकानात सासूबाईंनी हा धागा जाळला तेव्हा दुकानदाराने 'प्युअर'मधला 'प्यु' सोडून दिला!

किती कापड लागते?

कारागीर सांगेल तेवढे कापड आणण्याआधी स्वतः मोजा. समजा बैठक १८ इंच लांब-रुंद आहे. फोम २ इंच जाड, तो दोन्ही बाजूंनी धरून ४ इंच. खाली वळवून ठोकायला दोन्ही बाजूंनी दीड-दीड, म्हणजे ३ इंच. एकूण २५ इंचांचा चौकोन. सोफ्याच्या कापडाचा पन्हा साधारण ५४ इंच असतो, म्हणजे आडव्यात दोन बैठकी बसतात. सहा खुर्च्यांना तीन ओळी, ७५ इंच, म्हणजे दोन मीटरला थोडे कमी. सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून सव्वादोन मीटर घ्या. हातमागाच्या ३६ इंची पन्ह्यात आडव्यात एकच बैठक बसते. तिथे १५० इंच, म्हणजे पावणेचार मीटरच्या वर लागेल. आटणे धरून सव्वाचार घ्या. कडेला उरलेल्या ११ इंची पट्टीतून नाड्या आणि कडेची गोट निघते.

आणखी एक युक्ती. ६० बाय ९० इंचांच्या एका जाड सिंगल चादरीतून २५ इंचांच्या सहा बैठकी बरोबर निघतात. वरोऱ्याच्या आनंदवनात चादरी, सतरंज्या विणल्या जातात. तशी भक्कम विणीची एक चादर सहा खुर्च्यांचे काम भागवते. चादर असो की कापड, आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. ज्यांना एवढाही खर्च नको त्यांनी जुन्या सुती लुगड्यांची चौकोनी वाकळ शिवावी आणि चार कोपऱ्यांना नाड्या लावून खुर्चीला बांधावी. त्यात कमीपणा काही नाही.

आत काय भरावे?

साधा कापूस वर्षभरात बसतो, मग पिंजून घ्यावा लागतो. काटेसावरीचा कापूस उशीला उत्तम, बैठकीला फार मऊ. काथ्या टिकतो, पण कडक. म्हणून आता बहुतेक फोमच घेतात. फोम घेताना जाडी विचारू नका, 'डेन्सिटी' विचारा. खुर्चीला ४० डेन्सिटीचा फोम चांगला, ३२ चा लवकर दबतो. अंगठ्याने दाबून सोडा, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. फोम उघडा उन्हात ठेवू नका, तो पिवळा पडून भुगा होतो.

जाडीचे गणित मात्र सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. जेवणाचे टेबल साधारण ३० इंच उंच असते आणि बैठक १८ इंच. मधले १० ते १२ इंच अंतर राखले तर हात आणि मांडी दोन्ही सुखात राहतात. 'मऊ हवे' म्हणून फोम तीन इंचांचा केला की बैठक वर जाते, मांडी टेबलाला लागते आणि बुटक्या माणसाचे पाय अधांतरी राहतात. तेव्हा फोमची जाडी घरातल्या सर्वांत बुटक्या माणसाला बसवून ठरवावी.

घरी करायचे असेल तर

हे काम घरीही जमते. खुर्ची उलटी करून खालचे चार स्क्रू काढा. प्रत्येक बैठकीच्या मागे आणि खुर्चीला खडूने एकच नंबर टाका, नाहीतर लावताना भोके जुळत नाहीत. जुन्या चुका पक्कडीने काढून डब्यात टाका. अंगणात पडू देऊ नका, मुले अनवाणी फिरतात. जुने कापड फेकू नका, तोच नव्या कापडाचा खाका. प्लायवूड भिजून सुटले असेल तर बदला. फोमवर मांजरपाट ताणून आधी चारही बाजूंच्या मध्यभागी एकेक चूक ठोका, मग मध्यापासून कोपऱ्याकडे जा. कोपरे शेवटी, चुणी घालून. आधी कोपरे ठोकले तर मधे सुरकुती राहते, ती काही केल्या जात नाही. काम भर पावसाळ्यात काढू नका. गडचिरोलीकडच्या पावसात ओलसर प्लाय आणि फोम बंद झाला की आत बुरशी धरते.

डागांचेही सांगून टाकते. हळदीवर साबण लावला की डाग लाल होतो, घाबरू नका. धुऊन ओले कापड कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, दोन-तीन उन्हांत तो उडतो. तेलाच्या डागावर लगेच बेसन किंवा पावडर दाबून ठेवा आणि तासाभराने झटका. चहा सांडला तर आधी थंड पाणी, गरम नव्हे.

त्या दोन खुर्च्या

आता तो हिशेब. सासूबाई जेवायला नेहमी खाली, पाटावर बसत. आम्ही समजत होतो की ती जुनी सवय. कधी मनात येई, जन्मभर दुसऱ्याच्या अंगणात खाली बसलेल्या पिढीला खुर्चीचा संकोच वाटत असेल. बसायला काय मिळते ही गोष्ट आपल्या इतिहासात साधी नाही. साताऱ्याच्या शाळेत लहान भीमरावांना कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकरही ते गोणपाट शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. म्हणून सासूबाईंना आम्ही कधी आग्रह केला नाही, त्यांचे मन जपले.

पण फोमची जाडी ठरवायला कारागिराने "घरात सगळ्यात बुटकं कोन?" असे विचारले आणि सासूबाईंना खुर्चीवर बसवले. त्या म्हणाल्या, "माहे पाय भुईले टेकत नाही बाबू. मुंग्या येतेत. म्हनून खालीच बसतो मी."

एवढेच कारण होते. २०१० साली आम्ही मऊ हवे म्हणून तीन इंचांचा फोम भरला आणि म्हातारीला खुर्चीवरून खाली उतरवले. गुडघे दुखत असताना ती इतकी वर्षे जमिनीवर उठबस करत राहिली आणि आम्ही त्याला संकोच समजत बसलो. कोणी विचारलेच नाही. आता फोम दीड इंचाचा आहे, आणि ज्या पाटावर त्या बसत तोच पाट टेबलाखाली त्यांच्या पायांना आहे.

दुसरी खुर्ची माझी. तिचे कारण मला कोणाला विचारावे लागले नाही. सगळ्यांना गरम पोळी वाढता वाढता मी ओट्याशी उभी, आणि सगळे उठल्यावर तिथेच उभ्याने दोन घास. मुलगी शिकली, नोकरीला लागली, हिंदू कोड बिलावर भाषण करून आली, आणि तिने कधी विचारले नाही, आई, तू कुठे बसतेस? दोष तिचा एकटीचा नाही. मीच कोणाला बसू देत असे, स्वतः बसत नसे. मुलांच्या बाबांनी त्या दोन कोऱ्या बैठकी हातात घेऊन बराच वेळ पाहिल्या. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पोळ्यांचा डबा आणि भाजीचे पातेले टेबलावर येऊ लागले. ज्याने त्याने वाढून घ्यायचे आणि सगळ्यांनी एकदम बसायचे. पोळी थोडी निवते, बिघडत काही नाही.

कापड आम्ही विटकरी आणि राखाडी धाग्यांच्या बारीक चौकडीचे घेतले, हातमागाचे, दोन-दोन कव्हरांचे. ते सासूबाईंनी निवडले. १६ तारखेला चौदा माणसे जेवली, तीन पंगतींत, आणि खुर्च्यांचे कौतुक झाले.

भगिनींनो, तुम्ही खुर्च्या भरायला काढाल तेव्हा जुने कापड फेकण्याआधी सगळ्या बैठकी ओळीने मांडून पाहा. कोणती विरली आहे आणि कोणती कोरी आहे ते बघा. आणि कोरी दिसली तर कारण विचारा.

दिवाळीनंतर माझ्या खुर्चीवर वरण सांडले. हळदीचा मोठा डाग पडला. धुऊन उन्हात टाकला, दोन दिवसांत गेला.